चुरीसाहेबांचे सदतीस खुंटे

दत्तात्रय चुरी यांनी उभ्या आयुष्यात एकही खुंटा उगीच ठोकला नव्हता आणि एकही मोजणी अर्धी सोडली नव्हती. मोजणी खात्यातली आपली एकतीस वर्षं या दोन वाक्यांत मावतात, असं ते स्वतःच सांगत. आणि ती दोन वाक्यं सांगायला पाऊण तास घेत. निरोप समारंभात वरिष्ठ म्हणाले होते, "चुरींच्या टेबलावर 'प्रलंबित' हा शब्द कधी टेकला नाही." त्या वाक्याने चुरीसाहेबांचे डोळे भरून आले. घरी येऊन त्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं. समारंभातली शाल मात्र शोभाताईंनी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली.

अशा माणसाच्या हातून, चार फुलपाखरांपायी, सिल्वासातला निम्मा टोकरखाडा हादरावा, हे कुणाच्या पत्रिकेत लिहिलेलं नव्हतं. पण झालं खरं.

सुरुवात अगदी साधी होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि श्रीनिकेतन सोसायटीसमोर बाग होती. भादव्यात सिल्वासाची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. पण सकाळी आठच्या सुमाराला ऊन असं कोवळं पडतं, की जणू कुणीतरी ते दुधात बुडवून वाळत घातलंय. त्या उन्हात बागेभर फुलपाखरं सुटायची. त्यातलं एक, पांढऱ्या पंखांच्या आतून हळद सांडलेलं आणि कडेला कुंकवाचे थेंब टेकवलेलं, एके दिवशी चुरीसाहेबांच्या छत्रीच्या मुठीवर येऊन बसलं.

"याचं नाव काय हो?" त्यांनी शेजारून चालणाऱ्या मालतीबाईंना विचारलं. मालतीबाई मूळच्या धुळ्याच्या. सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतं आणि काय शिजायला हवं होतं, हे दोन्ही त्यांना ठाऊक असे.

"फुलपाखरू," मालतीबाई म्हणाल्या.

"ते झालं. पण कुठलं?"

"आता भाऊ, फुलपाखराला अजून काय आडनाव पाहिजे?"

हे उत्तर चुरीसाहेबांच्या जिव्हारी लागलं. सिल्वासात विनाक्रमांक बांधावर उभं राहायला त्यांना कधी आवडलं नव्हतं. आणि इथे घरासमोर, रोज, डोळ्यांदेखत, बिननोंदणीची इतकी वस्ती! त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: बागेतल्या फुलपाखरांची यादी करायची, कोण कुठे राहतं ते लिहायचं आणि फाटकाशी एक सुबक फलक लावायचा. महिनाभराचं काम. हळदीकुंकवाच्या त्या फुलपाखराला लोक 'हळदीकुंकू'च म्हणतात, हे कळल्यावर तर त्यांना काम निम्मं झाल्यासारखंच वाटलं.

जमीन जागेवर असते, ही तिच्यातली फार मोठी सोय आहे. ती सोय आपण एकतीस वर्षं गृहीत धरली, हे त्यांना पहिल्याच सकाळी कळलं. एक पिवळं फुलपाखरू त्यांनी सात वेळा मोजलं. किंवा सात पिवळी एकेकदा मोजली. दुपारी जेवताना ते म्हणाले, "एकदा मोजलेल्याने परत समोर येऊ नये, एवढी तरी शिस्त हवी."

"मग त्यांना नोटीस द्या," शोभाताई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी माळी लखन वरठा याला दया आली. लखन पन्नाशीचा, किलवणीहून सायकलने येणारा वारली. बागेतल्या प्रत्येक झाडाशी त्याचं घरगुती बोलणं चाले, माणसांशी फारसं नाही.

"सायब, उडतं त्याच्यामागं काय धावतंस? त्याचं घर बघ ना."

आणि तो त्यांना बागेच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. पाण्याच्या टाकीमागचा हा कोपरा कुणाच्याच चालण्याच्या वाटेवर नव्हता. तिथे रुई माजली होती, पानफुटी पसरली होती, एक कढीपत्ता कुणी न लावता वाढला होता. एका म्हाताऱ्या आंब्यावर बांडगूळ लटकलं होतं आणि टाकीचा नळ वर्षानुवर्षं ठिबकून खाली हातभर चिखल झाला होता. लखनने रुईचं पान उलटं केलं. खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी गुपचूप जेवत होती. पानफुटीचं जाड पान उन्हात धरलं, तर पानाच्या आत, पोटात, एक इवलीशी सावली सरकत होती. कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखं काहीतरी होतं. लखनने काडीने हळूच टोचलं, तर त्याने लाल शिंगं बाहेर काढली.

"ही सगळी तीच. अजून पंख नाही आले, एवढंच."

चुरीसाहेब उकिडवे बसले ते बसलेच. फुलपाखराला फुलं लागतात ती पाहुणचारापुरती. संसार मांडायला त्याला पान लागतं, आणि तेही ठरलेल्या झाडाचंच. रुईवालं कढीपत्त्याला तोंड लावत नाही, कढीपत्त्यावालं रुईकडे बघत नाही. हळदीकुंकवाला तर ज्याच्या नावाने आपण माणसांना शिव्या देतो ते बांडगूळच हवं. आणि दुपारी त्या चिखलावर निळे, काळे, पिवळे पंख मिटून चाळीसेक जण ओळीने पाणी पीत बसले होते, जणू कुणाच्या तरी लग्नाची पंगत.

घर म्हटल्यावर चुरीसाहेबांना सूर सापडला. घर जागेवर असतं. ते मोजता येतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून फीत उतरली, ओळंबा उतरला, किलवणी नाक्यावरून बांबू आला. बांबूचे खुंटे झाले. खुंट्यांची डोकी तांबडी रंगली आणि त्यांवर पांढऱ्या रंगात, खात्याच्या वळणाने, आकडे पडले. अळी सापडलेल्या प्रत्येक झाडापाशी एक खुंटा. हात आपोआप चालत होते. झाड क्रमांक एक, दोन, तीन, असे सदतीस खुंटे त्यांनी नियमाप्रमाणे दोन फूट खोल ठोकले आणि शेवटी साऱ्या कोपऱ्याभोवती चुन्याची पांढरी रेघ मारली. चुन्याची रेघ कशासाठी मारली, हे पुढे त्यांना फार जणांनी विचारलं. खरं उत्तर एवढंच होतं, की पिशवीत चुना उरला होता.

सकाळी साडेसहाला दाराची घंटा वाजली. मालतीबाई.

"भाऊ, रस्ता जाई राहिला का आपल्या बागेतून?"

"रस्ता? छे! मी फुलपाखरं मोजतोय."

मालतीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आजारी माणसाने "मला काही झालेलं नाही" म्हटल्यावर आपण पाहतो.

त्यांच्यामागून सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई आले. जन्म वलसाडचा, धंदा सिल्वासाचा आणि मराठी शेजाऱ्यांकडून उसनी घेतलेली. "चुरीभाई, आपल्या माणसाला तरी खरं सांगा ने. गटर छे के रोड?"

"फुलपाखरं!"

जयंतीभाईंनी दोन्ही हात वर केले. "समजी गयो. वरून मनाई असेल. काही वांधो नाही."

सरकारी माणूस जेव्हा खरं बोलतो तेव्हा तो नक्की काय लपवतो आहे, यावर सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत एकशे चौदा संदेश पडले. गटाराचे सात अंदाज, मोबाइलच्या टॉवरचे पाच, आणि दमणगंगेपर्यंतच्या उड्डाणपुलाचा एक नकाशासुद्धा. तो नकाशा चौथ्या मजल्यावरच्या परागने काढला होता. पराग नाशिकचा, सूत-कारखान्यात इंजिनिअर, आणि रविवारी त्याला करमत नसे. बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे ज्याची उसाच्या रसाची गाडी होती, त्याने चुरीसाहेबांना हात धरून बसवलं, दोन ग्लास रस पाजला आणि कानात म्हणाला, "साहेब, चार नंबर खुंटा फक्त दोन हात आत घ्या. पोरंबाळं आहेत." संध्याकाळी घरी फाफडा-जिलेबीचा पुडा आला. कुणी पाठवला ते कळलं नाही, पण त्यावर 'खुंटा क्र. ११' असं लिहिलेलं होतं.

एकतीस वर्षांत ज्या माणसाला कटिंग चहा पाजायची कुणाची छाती झाली नव्हती, त्याच्यावर निवृत्तीनंतर जिलेबीची वेळ यावी! चुरीसाहेब पुड्याकडे पाहत ताठ बसून राहिले.

"हे परत करायचं," ते म्हणाले.

"कुणाला?" शोभाताईंनी विचारलं, आणि एक जिलेबी तोंडात टाकली. "नोकरीत असताना आली असती, तर निदान माहेरी सांगता तरी आलं असतं."

आठवड्याने जयंतीभाईंनी, सर्वांच्या वतीने, बाग ज्या कार्यालयाच्या ताब्यात होती तिथे अर्ज केला: बागेत कसली मोजणी चालू आहे ते कळावं. (ते कार्यालय कुठलं, हे इथे सांगत नाही. चुरीसाहेबांना अजून तिथे जावं लागतं.) कार्यालयाला कसलीच माहिती नव्हती. पण माहिती नाही असं लिहून देण्यासाठीसुद्धा फाइल लागते. ती उघडली गेली. 'विषय: बागेतील अज्ञात मोजणीबाबत.' आणि चुरीसाहेबांना पत्र आलं, की सदर मोजणी आपण कोणाच्या आदेशाने करीत आहात याचा खुलासा करावा.

खुलासा! चुरीसाहेबांनी आयुष्यभर खुलासे मागितले होते. दिला कधीच नव्हता. इस्त्रीच्या टेबलावरची शाल काढून, झटकून, ती खांद्यावर टाकून ते कार्यालयात गेले. हातात चौदा रकान्यांचा तक्ता होता.

कारकुनाने तक्ता उभा धरला, आडवा धरला. "फुलपाखरं कोणाच्या मालकीची?"

"स्वतःच्या."

"तसा रकाना नाही आमच्याकडे."

शेवटी प्रकरण सुप्रिया मॅडमकडे गेलं. या सहायक अभियंता, वय तिशीच्या आत, टेबलावर फाइलींची तटबंदी. चुरीसाहेबांचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकदम हसल्या.

"काका, मग तुम्हाला तर आनंदच होईल! त्याच कोपऱ्यात आम्ही फुलपाखरू उद्यान करतोय."

त्यांनी नकाशा उलगडला. चुरीसाहेबांनी सवयीने आधी प्रमाण पाहिलं, मग उत्तर दिशा, मग कोपरा. कोपऱ्यात गुळगुळीत हिरवळ होती. फरशीची वाट होती. आणि मधोमध तीन फायबरची फुलपाखरं, प्रत्येकी नऊ फूट उंच, पंखांत दिवे, आणि फोटो काढायला दोन पंखांच्या मध्ये उभं राहायची जागा.

"इथली रुई?"

"साफ होईल."

"पानफुटी? बांडगूळ?"

"सगळं साफ."

"नळ?"

"दुरुस्त!" सुप्रिया मॅडम अभिमानाने म्हणाल्या.

चुरीसाहेबांनी नकाशावरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फुलपाखरांच्या नावाने फुलपाखरांचं घर मोडणार, हे त्यांनी कसंबसं सांगितलं. रुई गेली की रुईवालं गेलं. बांडगूळ तोडलं की हळदीकुंकू पुसलं. मॅडमच्या हातातलं पेन हळूहळू खाली आलं.

"काका, महिनाभर आधी का नाही आलात?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काम द्यायचा हुकूम गेल्या आठवड्यात निघाला. सोमवारी मशीन येईल. एक झाड वाचवायचं म्हटलं तरी आता कारण लागतं, आणि अळी हे कारण मला लिहिता येत नाही."

उरलेला मार्ग म्हणजे सोसायटी. शनिवारी गच्चीवर सभा भरली. रस्ताही नाही, गटारही नाही, हे कळल्यावर लोकांना इतकं हायसं वाटलं, की त्या आनंदात त्यांनी फुलपाखरू उद्यानाला टाळ्या वाजवून घेतल्या. चुरीसाहेबांनी चौदा रकाने वाचून दाखवले. तिसऱ्या रकान्याला जयंतीभाईंनी चहा मागवला.

"अळ्यांनी अंगाला खाज सुटते," मालतीबाई म्हणाल्या. "रॉकेल शिंपा."

"काका, एक अ‍ॅप करू," पराग म्हणाला. "अळीचा फोटो काढायचा, अ‍ॅप नाव सांगेल. मग खऱ्या अळीची गरजच नाही."

"पंखांत लाइट, एटले फ्लॅटचा भाव वाढणार," जयंतीभाईंनी समारोप केला.

हात वर करायला सांगितले. उद्यानाच्या बाजूने एकोणतीस, विरुद्ध एक. शोभाताईंचा हात कुठेच नव्हता, कारण दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता. चुरीसाहेबांनी तो ट्रे मनात धरला आणि घरी आल्यावर तक्ता घडी करून कपाटात टाकला.

शोभाताई तांदूळ निवडत बसल्या. "तुमचा तक्ता मी वाचलाय हं," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "चौदाच्या चौदा रकाने. आणि काल लखनबरोबर जाऊन कोपराही पाहून आले." आणि डहाणूकडच्या त्यांच्या आईच्या जात्याच्या चालीवर, हाताला काम आणि ओठाला ओवी, अशा त्या गुणगुणू लागल्या:

रुईच्या पानाखाली बाळ निजलं जेवून
जागं होईल एक दिस पंख अंगाशी लेवून

पानफुटीच्या पोटात कुणी थाटलं बिऱ्हाड
हळू चाल गं मैतरणी आत निजलं लबाड

आंब्याच्या गं फांदीवर बांडगुळाचा पसारा
हळदीकुंकवाच्या लेकी त्यांना तेवढा आसरा

चुरीसाहेब ऐकत राहिले. मग खाकरून म्हणाले, "यात शास्त्रीय नावं नाहीत."

"तुमच्या तक्त्यात तरी बाळ कुठे आहे?"



रविवारी सकाळी ते एकटेच बागेत गेले. काम संपलं की मोजणीदार आपले खुंटे आपण काढतो. उद्या मशीनने ते चिरडावेत, हा अपमान त्यांना नको होता. निदान शेवट तरी रीतीने. त्यांनी खुंटा क्रमांक एक दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. खुंटा हलला नाही. टाच रोवून ओढला. खुंटा नियमाप्रमाणे ठोकलेला होता. नियमाप्रमाणे ठोकलेल्या खुंट्याला आपल्या मालकाची ओळख नसते. तिसऱ्या हिसक्याला चुरीसाहेब सुटले आणि थेट नळाखालच्या चिखलात जाऊन बसले. खुंटा होता तिथेच होता.

चष्मा चिखलात, चप्पल रुईत, आणि खात्यातला एकतीस वर्षांचा लौकिक कुठे ते शोधायलाच नको. ते तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने कोपरावर काहीतरी हललं. चिखल आणि घाम यांच्या वासाने एक निळं-काळं फुलपाखरू त्यांच्या बाहीवर उतरलं होतं आणि सोंड उलगडून, अगदी मन लावून, त्यांचा घाम पीत होतं. मग दुसरं आलं. मग हळदीकुंकू येऊन गुडघ्यावर बसलं. चुरीसाहेबांनी श्वास रोखला. इतका वेळ एका जागी बसलेली ती त्यांना आजवर कधीच मोजायला मिळाली नव्हती. पण त्या क्षणी मोजायचं त्यांना आठवलंच नाही.

"खुंटा नको काढू, सायब." लखन टाकीशी उभा होता.

"मोजणी संपली रे."

"संपली तरी नको काढू. माझ्या बापाच्या शेतात असाच खुंटा ठोकून गेलं कोणीतरी. कोण, कशाला, काही ठाऊक नाय. बापाने नांगर वळवला, पण खुंट्याला हात नाय लावला. मोजणीच्या खुंट्याला कोण हात लावेल? मी पण वळवतो नांगर. चाळीस वर्षं झाली." त्याने चुरीसाहेबांना हाताला धरून उठवलं. "राहू दे. आपलं काय खातो तो?"

चुरीसाहेबांनी खुंटे राहू दिले. कारण खरं सांगायचं तर ते निघत नव्हते.

सोमवारी साडेआठला पिवळं मशीन फाटकातून आत आलं. मागून ठेकेदाराची गाडी, त्यामागे कोयते घेतलेल्या चार बायका. आणि मशीनचा आवाज ऐकून सगळी सोसायटी खाली धावली. शनिवारी यालाच आपण हात वर केले होते, हे त्या आवाजात कुणाच्या लक्षात आलं नाही. मालतीबाई तर पदर खोचून सरळ मशीनपुढेच उभ्या राहिल्या. "रस्ता नाही होऊ देणार!"

"बाई, रस्ता नाही, उद्यान आहे," ठेकेदार म्हणाला.

"मग आधी सांगायचं ना," असं म्हणत त्या दोन पावलं बाजूला झाल्या.

मशीन कोपऱ्यापाशी आलं आणि थांबलं. चालकाने खाली वाकून चुन्याची रेघ पाहिली. मग तांबडी डोकी पाहिली. मग आकडे. इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि त्याने विडी पेटवली.

"क्या हुआ?" ठेकेदार ओरडला.

"ये नापी का निशान है, सेठ. इसके अंदर मैं मशीन नहीं डालूँगा. पिछले साल एक खूँटा गिराया था, छह महीने तारीख पे जा रहा था."

"अरे, किसी का नहीं है ये!"

"तो आप उखाड़ लो."

ठेकेदाराने कोयतेवाल्या बायकांकडे पाहिलं. त्या किलवणीकडच्याच होत्या. त्यांनी लखनकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं, आणि कोयते खाली ठेवून सावलीत बसल्या. मग ठेकेदाराने स्वतः बाह्या वर केल्या आणि बारा नंबरच्या खुंट्यावर वाकला. सोसायटीची तीस माणसं मोबाइल धरून उभी. ठेकेदार सरळ झाला, बाह्या खाली केल्या आणि कार्यालयाला फोन लावला.

सुप्रिया मॅडम फाइल घेऊनच आल्या. 'अज्ञात मोजणीबाबत', आता बोटभर जाड झालेली. त्यांनी ती मशीनच्या चाकावर ठेवून पान उलटलं.

"मोजणी कोणाची, हे अजून ठरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ठरेपर्यंत खुणा आहेत तशाच ठेवायच्या, असा शेरा आहे. शेरा वरचा आहे."

"मग मोजणी खात्याला विचारा ना!" ठेकेदार रडकुंडीला आला.

"विचारलं. ते म्हणतात, मोजणी आमची नाही. नाही हे लेखी द्यायला फेरमोजणी करावी लागेल. आणि फेरमोजणीसाठी खुणा जागेवर हव्यात."

असं घोटीव वर्तुळ चुरीसाहेबांनी कंपासनेही कधी काढलं नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला.

"एकच गोष्ट आहे," मॅडम त्यांच्याकडे वळल्या. चेहरा कोरा, पण भुवई किंचित वर. "काका, खुंटे तुम्ही ठोकलेत. तुम्ही जर लिहून दिलंत की मोजणी पूर्ण झाली, तर फाइल आत्ता बंद होते आणि काम सुरू होतं. झाली का मोजणी पूर्ण?"

तीस मोबाइल चुरीसाहेबांकडे वळले. पूर्ण झाली, हे दोन शब्द ते एकतीस वर्षं दर मोजणीखाली लिहीत आले होते. त्या दोन शब्दांवर त्यांनी संसार केला होता, मान मिळवला होता. अर्धी मोजणी आपल्या नावावर? निरोप समारंभातलं ते वाक्य कानात घुमलं. आणि खोटं तर त्यांना नोकरीतही लिहिता आलं नव्हतं.

त्यांनी खिशातून वही काढली. "पाच मिनिटं द्या," म्हणाले, आणि रेघ ओलांडून कोपऱ्यात शिरले.

खुंटा क्रमांक तीन: रुईवर परवा पाच अळ्या होत्या, आज सात. नऊवर पानाखाली मोहरीएवढी नवी अंडी. बारावरची एक अळी नाहीशी. शोधलं तर ती खुंट्याच्याच तांबड्या डोक्याखाली कोशात लटकलेली, हिरवी, कडेला सोन्याचे ठिपके. सव्विसावर कोश फुटून रिकामा, आणि बाजूच्या पानावर ओले पंख वाळवत बसलेलं एक नवं कोरं. चुरीसाहेब घाम पुसत बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की शोभाताईंना आपल्या लग्नाचा दिवस आठवला.

"मॅडम," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "परवा अठ्ठावन्न होत्या, आज एकसष्ट आहेत. अंडी वेगळी. उद्या किती होतील ते देवाला ठाऊक. मी खोटं लिहिणार नाही. मोजणी अपूर्ण आहे. ती पूर्ण कधी होईल, हे मला सांगता येत नाही."

सुप्रिया मॅडमनी फाइलीवर तिथेच, उभ्याउभ्या, लिहिलं: 'प्रलंबित.'

टाळी पहिली कुणी वाजवली ते ठरलं नाही. मालतीबाई म्हणतात त्यांनी, पराग म्हणतो त्याच्याकडे चित्रफीत आहे. पण वाजली ती मोठी वाजली. नापीच्या निशाणापुढे मशीन मागे फिरतं, हे टोकरखाड्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ती आपल्याच सोसायटीची नापी, हे तर त्याहून मोठं. "आमच्या चुरीभाईंनी आधीच सांगितलेलं, फुलपाखरं छे," जयंतीभाई ठेकेदाराला सांगत होते. "कुणी ऐकलं का? नाही ऐकलं!"

आता फायबरचं एक फुलपाखरू फाटकाशी उभं आहे. दुसऱ्या दोघांना जागा मिळाली नाही. त्याच्या पंखांत दिवे लागतात आणि मुलं तिथे फोटो काढून मागच्या कोपऱ्याकडे पळतात. तिथे मालतीबाई असतात. "रेघेच्या आत पाय नाही ठेवायचा," त्या दटावतात, आणि लगेच पानफुटीचं पान उन्हात धरून दाखवतात. रॉकेलचा विषय त्यांनी कधी काढला होता, हे त्यांना आठवत नाही. नळ ठिबकतोच आहे. तो दुरुस्त करायचा, तर तेवीस नंबरचा खुंटा हलवावा लागेल.

फलकही लागला. चौदा रकाने त्यावर मावले नाहीत. चुरीसाहेबांनीच, दोन रात्री विचार करून, तक्ता मागे घेतला. फलकावर झाडांची आणि फुलपाखरांची नावं आहेत, आणि त्यांच्या खाली शोभाताईंच्या तीन ओव्या. कोयता घेऊन येणाऱ्या बायका त्या वाचत नाहीत. त्यांना त्या पाठच आहेत. बांडगुळाच्या ओवीला तर त्यांनी स्वतःची चौथी जोडली आहे, आणि ती शोभाताईंच्या तिन्हींपेक्षा चांगली आहे, असं शोभाताईच सांगतात.

दर वर्षी भादव्यात कार्यालयाचं पत्र येतं: सदर मोजणी पूर्ण झाली किंवा कसे, ते कळवावे. चुरीसाहेब त्या दिवशी दाढी करतात, शाल घेतात, सदतीस खुंट्यांवरून एक फेरी मारतात. गेल्या भादव्यात गेले तेव्हा लखन आधीच तिथे होता. नवा बांबू तासून, डोकं तांबडं रंगवून, तो वाट पाहत होता. भिंतीकडेला रुईचं एक रोप नव्यानेच उगवलं होतं आणि त्यावर पहिली अळी आली होती.

"अडतीस, सायब?"

"अडतीस," चुरीसाहेब म्हणाले, आणि दोन फूट खोल, नियमाप्रमाणे, ठोकू लागले.